अनंताच्या पुढे

...नाही, नाही, 'वा, काय छंद आहे!' असं मला अजिबात म्हणू नका! शिसारी आलीय मला त्या आकाशाची! तुम्हाला सांगतो, हे सगळं मेहुण्यानं सुरू केलं. घरी आला, कपाटातला माझा जुना डिजिटल कॅमेरा बघितला आणि म्हणाला, "भावोजी, रिटायर झालात ना, ताऱ्यांचे फोटो काढा! अगदी सोपं असतं! तिवईवर ठेवायचा, फोकसची रिंग अनंतावर लावायची, वीस सेकंद उघडा ठेवायचा, संपलं!" संपलं! ह्याचं काय जातंय?... आणि बायको शिवणयंत्रावरून मानसुद्धा वर न करता म्हणते कशी, "बासरी सोडलीत, बागकाम सोडलंत, निदान हे तरी शेवटाला न्या." आता सांगा, इज्जतीचा प्रश्न झाला की नाही?

गेलो गच्चीवर. तिवईचा एक पाय सुतळीनं बांधलेला. बटण दाबलं की कॅमेरा हलतो, कॅमेरा हलला की ताऱ्याचं गांडूळ होतं! म्हणून टायमर लावला आणि श्वास रोखून उभा राहिलो... मी का रोखला, ते विचारू नका! आणि नेमकी तेव्हाच शेजारीण टॉर्च मारत वर! "काका, काही हरवलंय का? शोधू का?" अगं बाई, तो टॉर्च विझव आधी! फोटो कसला आला? पाण्याच्या टाकीचा! लख्ख! अगदी सोपं असतं, म्हणे!

आणि ते अनंत! रिंगवर आडवा पडलेला आठ असतो, तो म्हणजे अनंत. पण रिंग तिथं थांबत नाही हो, पुढे फिरते! अनंताच्या पुढे काय असतं, मला कुणी सांगेल का? मी म्हटलं, तारे एवढे लांब, तर लावा पार शेवटापर्यंत! पाच रात्री लावली! तारे कसले, भिजलेले वाटाणे! शी! मेहुण्यावर फोनवर ओरडलो, "अरे, अनंतावर लावून लावून जीव गेला माझा!" तर आतून बायको, "हा अनंत कोण? आणि रोज रात्री त्याच्यावर काय लावता?" अगदी सोपं असतं, म्हणे!

सहाव्या रात्री ठरवलं, बास, विकून टाकायचा हा डबा. सुतळी सोडतोय, तर ही वर आली. चष्मा नाकावर. "सरका." सरकलो. काय करतो? तिनं स्क्रीनवर तारा मोठा केला, रिंग केसभर मागे, केसभर पुढे... "सुईत दोरा ओवताना काय करते मी? बारीक दिसलं की थांबायचं." आणि तारा टाचणीच्या टोकाएवढा! खरं सांगतो, इतका आनंद झाला मला, आणि इतका संताप आला! दोन्ही एकदम!

तेव्हापासून गच्चीवर हीच. परवा हौशी लोकांचं प्रदर्शन झालं, हिचे तीन फोटो लागले. मी कोपऱ्यात हिची पर्स धरून उभा, तर एक गृहस्थ येऊन खांद्यावर हात ठेवतात, "बाईंचा छंद फार छान हो! तुम्हीही लावून घ्या एखादा, वेळ बरा जातो."

मी म्हटलं, "बघतो."