लेकीचं टपाल

...आणि वर लेकीनेच सांगितलं हो, "बाबा, तुमचा पेन्शनचा पासवर्ड माझ्या लॅपटॉपमध्ये सेव्ह आहे, बघून घ्या!" बघायला गेलो, तर माझ्या एकाच्या खाली तिचे सतरा! ओळीने! प्रत्येकापुढे काळे ठिपके आणि शेजारी डोळ्याचं चित्र. डोळा दाबला की ठिपके गायब, पासवर्ड उघडा! तुम्हाला सांगतो, मी पोस्टमन माणूस, एकतीस वर्षं दारोदार टपाल वाटलं, पण एक पाकीट फोडलं नाही हो मी!

पण बोट... बोटाला काय म्हणावं? दाबला डोळा. ईमेलचा! म्हटलं, सुरक्षित आहे का बघू, बाप आहे ना मी? मग खात्री करायला तोच पासवर्ड माझ्या फोनवर टाकला, तर पहिलंच पत्र लेकीने मावशीला लिहिलेलं, "आई गेल्यापासून बाबा पहाटे उठून माझा डबा करतात. भाजी तोंडात घालवत नाही गं! ऑफिसातल्या शिपायाला देते, आणि घरी येऊन 'छान होती' म्हणते."

एक पाकीट फोडलं नाही हो मी... आणि फोडलं ते हे!

तेवढ्यात आतून किंकाळी! "बाबा! माझ्या मेलमध्ये कुणीतरी शिरलंय! इशारा आलाय!" लगेच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन, तोही स्पीकरवर. तो म्हणतो, "ताई, ब्राउझरमध्ये सेव्ह केला होतात? म्हणजे कुलूप लावलंत आणि किल्ली त्यालाच अडकवलीत! आणि हे शिरणारे ना, एक नंबरचे नालायक! यांच्या घरी लेकीबाळी नसतात का हो?"

असते ना... समोरच उभी होती! माझ्या हातात तोच फोन, आणि तोंडाने मी काय म्हणतोय? "हो हो, नालायकच!" एकतीस वर्षांत एक पाकीट फोडलं नाही, सांगायचं कुणाला?

"ताई, कुठल्या फोनवरून शिरला ते लिहिलं असेल बघा." तिने वाचलं. माझ्या हाताकडे बघितलं. हळूच फोन बंद केला.

"बाबा... कुठलं वाचलंत?"

"भाजीचं."

ओरडली असती तर बरं झालं असतं हो! ती खाली मान घालून उभी, मी खाली मान घालून उभा, चोर नक्की कोण तेच कळेना! "चुकलो गं," म्हटलं. "मीही," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासूनही डबा पूर्वीसारखाच रिकामा येतोय. चाटूनपुसून! आता तो हिच्या पोटात जातो की शिपायाच्या, विचारायची माझी छाती नाही... आणि पासवर्ड तर तिने बदललाय!