मनगट कुणी जोडलं

(हाताच्या उपचारांची खोली. टेबलावर खुंट्यांची पाटी, नायलॉनचे बारीक दोरे आणि अंगठ्याएवढा एक प्लॅस्टिकचा सैनिक. प्रेस मशीनचा ऑपरेटर, त्याची बायको आणि उपचार करणाऱ्या मॅडम.)

ऑपरेटर : ...आणि हा विकत मिळत नाही बरं का, मॅडम. दुकानात जाऊन ‘असा द्या’ म्हणालात, तर दुकानदार नुसता बघत राहील तुमच्याकडे.

मॅडम : मग कुठून आणलात?

ऑपरेटर : बनवला. पाय एका घोडेस्वाराचे, त्याचा घोडा वेगळा ठेवून दिलाय. धड खलाशाचं. डावा हात यंत्रमानवाचा, फक्त त्याचा पंजा कापून तिथे माणसाचा लावलाय. सुटे भाग जोडायच्या चार किटांमधले तुकडे आहेत एकात. निशाणाची काठी म्हणजे साधी पितळी तार.

मॅडम : एवढा खटाटोप कशासाठी?

ऑपरेटर : लढाई असते आमची. दर रविवारी, सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. सहा फुटी टेबल, त्यावर टेकड्या, पडकी घरं. फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून सैनिक सरकवायचे.

बायको : चांगली मोठमोठी माणसं येतात, मॅडम. एक जण तर बँकेत मॅनेजर आहे.

ऑपरेटर : तर काय! पण किटातला सैनिक जसाच्या तसा आणला की तो सगळ्यांकडे असतो. आपला म्हणायचा तर तोडून जोडावा लागतो.

मॅडम : बरं. मागच्या वेळी मी म्हणाले होते, या हाताने काहीतरी बारीक काम करून दाखवा.

ऑपरेटर : आणि मग दाखल्याचं बघू, असंही म्हणाला होतात. घ्या, दाखवलं. हे मनगट बघा. यात भोक पाडून तार घातलीय. केवढं भोक? अर्धा मिलीमीटर. हातड्रिलने. आता लिहून टाका, ‘कामावर जाण्यास योग्य’. सोमवारी हजर झालो नाही, तर माझ्या प्रेसवर दुसरा माणूस बसवणार आहेत. पाच महिने थांबले, आता नाही थांबणार.

मॅडम : काम सुरेख झालंय. किती दिवस लागले?

ऑपरेटर : तीन... चार संध्याकाळी.

मॅडम : गम बोटांना लागत असेल ना?

ऑपरेटर : लागतोच. सोलून काढावा लागतो, कातडीसकट निघतो.

मॅडम : उजवा हात द्या. टेबलावर, तळवा वर. डोळे मिटा. मी दोरा टेकवणार, लागला की ‘हो’ म्हणायचं.

ऑपरेटर : हो... हो.

मॅडम : अंगठा बरा आहे. करंगळी तर पहिल्यापासून चांगलीच आहे. आता पुढची.

ऑपरेटर : ...हो.

मॅडम : आत्ता मी हात मागे घेतला होता.

ऑपरेटर : मग अंदाज चुकला.

मॅडम : मला अंदाज नकोय. डोळे मिटा परत.

ऑपरेटर : टेकवा की.

मॅडम : टेकवला. सहा वेळा टेकवला. उघडा डोळे. अंगठ्याशेजारची दोन्ही बोटं अजून गप्प आहेत. आणि एक विचारू का? चार संध्याकाळी काम केलंत, तर बोटं इतकी स्वच्छ कशी? ना गमाचा डाग, ना पात्याचा ओरखडा. ताई, तुमचा हात बघू जरा.

बायको : माझा कशाला?

मॅडम : मघाशी फाइल दिलीत तेव्हा दिसला. बोटाच्या टोकाला पांढरा पापुद्रा आहे. अंगठ्यावर चीर आहे.

बायको : भाजी चिरताना लागलं.

मॅडम : भाजीत गम घालता?

बायको : ...मीच केलंय, मॅडम.

ऑपरेटर : अगं!

बायको : काय अगं? दिसतंय त्यांना. आणखी किती वेळ हात पदराखाली ठेवून बसू?

ऑपरेटर : मी हिला फक्त मनगट जोडायला दिलं होतं. बाकीचं...

बायको : बाकीचं सांगू? तीन दिवस बसले हे. सात पंजे मोडले. पंजा म्हणजे केवढा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. हे आपले चिमटीत धरलाय असं समजून गम लावतायत, आणि पंजा केव्हाच खाली पडलेला. सातवा तर बोटालाच चिकटला. तेसुद्धा मी सांगितलं तेव्हा कळलं.

ऑपरेटर : एवढं सगळं सांगायलाच हवं का?

बायको : आता अर्धं सांगून काय उपयोग?

ऑपरेटर : हे बघा मॅडम, घरी उजेड कमी पडतो. कारखान्यात डोक्यावर दिवे आहेत. डोळे उघडे ठेवून काम करणार मी.

मॅडम : प्रेस किती टनाची?

ऑपरेटर : चाळीस.

मॅडम : पत्रा आत सरकवताना नजर कुठे असते? पत्र्यावर की बोटांवर?

ऑपरेटर : पत्र्यावर. बोटांकडे कोण बघत बसतं?

मॅडम : बघायला लागत नाही, कारण बोटं कुठे आहेत ते ती आपली आपण सांगतात. तुमची सध्या सांगत नाहीत. मी नाही लिहिणार दाखला.

ऑपरेटर : बारा वर्षं त्या मशीनवर आहे मी. नुसत्या आवाजावरून सांगतो, साच्याची डाय ढिली झालीय म्हणून. दुसरा बसला की पंधरा दिवसांत वाट लावेल तिची.

मॅडम : लावू दे. मशीनला नवीन भाग मिळतात. ताई, तुम्ही यांना साथ का दिलीत? यांनी परत तिथे जावं असं वाटतं तुम्हाला?

बायको : अजिबात नाही. पत्र्याने मनगट कापलं त्या दिवशी हॉस्पिटलात मीच पोचले पहिली. चपलासुद्धा दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या.

मॅडम : मग?

बायको : हे कधी काही मागत नाहीत हो. पाच महिने झाले, शर्टाची बटणं एकटे लावतात. पाऊण तास लागला तरी मला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी तो आठवा पंजा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘हे एवढं बघ ना.’ नाही कसं म्हणू? आणि एकदा हातात घेतल्यावर सोडवेना. पंजा बसला. मग वाटलं, खांदा वाकडा आहे, तोही काढून परत लावला.

ऑपरेटर : खांदा वाकडा नव्हता! तो तसाच हवा होता.

बायको : मग सांगायचं.

ऑपरेटर : सांगायला तू थांबलीस कुठे? आता बघ काय झालंय. खांदा केसभर वर बसलाय, त्यामुळे निशाणाचा भार अंगावर आलाय असं वाटतच नाही. काखेत साच्याची रेघ तशीच राहिलीय, ती पात्याने खरवडायला हवी होती. आणि हे कमरपट्ट्याच्या वर, पुट्टी ओली असताना बोट टेकलंय तुझं. ठसा उमटलाय.

मॅडम : कुठे? मला नाही दिसत.

ऑपरेटर : असा नाही, उजेडाकडे तिरपा धरा. आणखी थोडा. आता?

मॅडम : हां... आहे खरा. तुम्हाला तिथून, खुर्चीत बसल्या बसल्या दिसला?

ऑपरेटर : दिसावाच लागतो. कापलेल्या कडेला नखभर बर, म्हणजे धारेचा कंगोरा, आली आणि नजर चुकली, की पुढचे दोनशे नग भंगारात.

मॅडम : तुमच्याकडे तयार नग कोण तपासतं?

ऑपरेटर : तपासणी खातं... नाही, मॅडम. कळलं तुम्ही कुठे निघालात. तिकडे नको.

मॅडम : का?

ऑपरेटर : तिथे कोण बसतं माहितीये? ज्याचं काहीतरी गेलंय तो. पाठ गेली, तपासणीत टाका. गुडघे गेले, तपासणीत टाका. कँटीनमध्ये आले की आम्हीच म्हणायचो, उठा रे, आजोबांना जागा द्या.

बायको : आणि घरी बसलेल्याला काय म्हणता?

ऑपरेटर : तू मध्ये बोलू नकोस.

बायको : मध्ये कुठे, बाजूला बसलेय मी.

मॅडम : मी काय लिहिणार ते सांगते. ‘मशीनवरील कामास तूर्त अयोग्य. तपासणी, मोजमाप अशा नजरेच्या कामास योग्य.’ मुदत तीन महिने.

ऑपरेटर : तीन महिन्यांनी मशीन?

मॅडम : तीन महिन्यांनी दोरा. मशीनचं दोऱ्यानंतर.

ऑपरेटर : मॅडम, खरं सांगा. नस येते का पूर्ण?

मॅडम : दिवसाला एक मिलीमीटर वाढते, तेही सगळं सुरळीत असेल तर. तुमची मनगटाच्या वर तुटली होती. बोटांच्या मुळापर्यंत आलीय. टोकापर्यंत पूर्वीसारखी येईलच असं नाही. हे आज सांगायचं नाही असं ठरवलं होतं मी.

ऑपरेटर : मग का सांगितलंत?

मॅडम : या खोलीत आज खोटं पुरेसं झालं, म्हणून.

बायको : पाणी देऊ?

ऑपरेटर : नको. लिहा, मॅडम. फक्त ‘योग्य’वालं वाक्य आधी लिहा. ‘अयोग्य’ खाली.

मॅडम : हरकत नाही... हे घ्या. महिन्याभराने याच वारी या. आणि गरम भांडं उजव्या हाताने उचलायचं नाही. भाजलेलंही कळणार नाही तुम्हाला.

बायको : ते मी बघते.

ऑपरेटर : मी बघेन. तो सैनिक दे इकडे... पंजा थोडा वळवलास का गं?

बायको : हो. काठी धरल्यासारखी वाटत नव्हती. नुसती टेकवल्यासारखी वाटत होती.

ऑपरेटर : हं. तार किती आत घातलीस?

बायको : दोन मिलीमीटर. आधी मेणबत्तीच्या तुकड्यात भोक पाडून बघितलं.

ऑपरेटर : हे सगळं तू शिकलीस कधी?

बायको : शिकायचं काय त्यात? चौदा वर्षं रोज संध्याकाळी त्याच टेबलाच्या पलीकडे बसते मी. तुमची मान खाली असते, एवढंच.