बासष्ट घरांच्या सह्या

मॅडम : नाही म्हणू नका, मिस्त्री. चारला कॉलनीची बैठक आहे. मी इंजिनीअर असले तरी लोकांना परकीच. तुमचं ऐकतील ते.

मिस्त्री : ऐकतील ना. मागच्या वेळीही ऐकलंच की.

मॅडम : मागच्या वेळी म्हणजे?

मिस्त्री : सात वर्षांपूर्वी. तेव्हा तुम्ही नव्हता. हीच योजना आली होती. बंदराची डिझेलवरची जनरेटर काढायची, एलएनजी गॅसवरची बसवायची. गॅसची टाकी आमच्या कॉलनीच्या भिंतीपलीकडे.

मॅडम : हो, फाइलमध्ये आहे. ‘रहिवाशांच्या विरोधामुळे स्थगित.’

मिस्त्री : तो विरोध म्हणजे मी. घरोघर फिरलो. म्हटलं, एवढा गॅस उशाशी घेऊन झोपायचं का? बासष्ट घरांच्या सह्या गोळा केल्या, नवरा-बायको दोघांच्या.

मॅडम : कोणी नीट समजावलं नसेल तुम्हाला.

मिस्त्री : समजावलं हो. एक साहेब दोन तास बोलला. गॅस थंड करून पातळ करतात, टाकीला दुहेरी भिंत, गळती कळायला यंत्रं. मी मागे बसून त्याची नक्कल करत होतो. लोकांची हसून मुरकुंडी वळली.

मॅडम : आणि वहिनी? त्याही हसल्या?

मिस्त्री : ती एकटी हसली नाही. घरी म्हणाली, अहो, त्याचं ऐकून तरी घ्या. रोज धुतलेली चादर काळी होते, ती काय आभाळातून पडते? सही करेना.

मॅडम : पण सह्या तर बासष्ट घरांच्या...

मिस्त्री : आमच्या घरातली तिची सही मीच ठोकली. पुढारी मी, आणि माझ्याच घरातून नाही? नाक कापलं गेलं असतं.

(मॅडम हातातली फाइल मिटते.)

मिस्त्री : पुढे तिचा खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टरने विचारलं, घरात विडी कोण ओढतं? म्हटलं, कोणी नाही. मग माझ्या कपड्यांवरची काजळी बघून गप्प झाला. चार महिने झाले तिला जाऊन.

मॅडम : तेव्हा मंजुरी मिळाली असती तरी काम व्हायला तीन-चार वर्षं लागली असती.

मिस्त्री : आणि पुढची तीन?

मॅडम : हो. ती तीन वर्षं काजळी नसती.

मिस्त्री : राहू द्या. तुमचा गॅस तरी सोवळा आहे का?

मॅडम : नाही. खोटं नाही बोलणार. तोही जळतोच, आणि गळला तर हवेला वाईटच. पण ही काजळी जाईल. जवळजवळ सगळी.

मिस्त्री : शेजारी क्रेनवाल्याची सून खोकायला लागलीय. भिंतीतून ऐकू येतं. अगदी तसंच. वीस-बावीसची पोर आहे.

मॅडम : मग चला ना.

मिस्त्री : येतो. तिच्या खोट्या सहीचंही सांगतो. थुंकले तोंडावर तरी चालेल.

मॅडम : सांगितलंत की मन हलकं होईल.

मिस्त्री : हलकं व्हायला नाही येत मी. ते तिच्यापाशी बोलायचं होतं. शेवटी शेवटी दम लागायचा, तरी विचारलं तिने, ते काम आपल्या लोकांमुळे अडलं का हो?

मॅडम : काय सांगितलंत?

मिस्त्री : म्हटलं, नाही गं, वरूनच रद्द झालं. तिला खरं वाटलं.