डावी बाजू

विवेक : इथे तरी दे ना मला चालवायला. पार्कचा प्रायव्हेट रस्ता आहे. लायसन्स कोण विचारतंय?

कांचन : लायसन्सचं नाही हो. डॉक्टर नको म्हणालेत ना?

विवेक : डॉक्टर घाबरट आहे. स्ट्रोक होऊन वर्ष होत आलं. हात चालतो, पाय चालतो. टेक्ससमधल्या या लुटुपुटूच्या सफारीत मी झेब्र्याला धडकणार आहे का?

कांचन : पुढच्या वळणापर्यंत मी नेते. मग बघू.

विवेक : मग बघू, मग बघू! आफ्रिकेचंही तेच म्हणतेस. रिटायर झाल्यावर तिकडे जायचं, स्वतः ड्राइव्ह करत हत्ती बघायचे, हे आपलं ठरलं होतं. की माझं एकट्याचंच?

कांचन : दोघांचं. ती बघा, हरणं.

विवेक : तुझ्याआधी दिसली मला. झाडाखाली ते शिंगवालं बसलंय, तेही दिसलं. डोळे ठणठणीत आहेत माझे... का थांबलीस?

कांचन : जरा थांबू या.

विवेक : अगं, पुढे काही नाहीये. मोकळा रस्ता आहे, चल.

कांचन : दोन मिनिटं.

विवेक : कसली दोन मिनिटं? मागचे लोक... अरे बापरे! ब्रेक! ब्रेक दाब!

कांचन : दाबलेलाच आहे. जिराफाचं पिल्लू आहे. जाऊ दे त्याला पलीकडे.

विवेक : कुठनं आलं गं हे? एकदम?

(कांचन डावीकडे बघते.)

विवेक : कांचन, एकदम नाही ना आलं?

कांचन : नाही. मी थांबले तेव्हापासून डावीकडे उभं होतं. रस्त्याला लागूनच. आईजवळ.

विवेक : आईसुद्धा? एवढी मोठी?

कांचन : हो.

(पिल्लू रस्ता ओलांडून जातं.)

विवेक : मी चालवत असतो तर...

कांचन : नव्हतात ना.

विवेक : बोलली का नाहीस कधी? मला डावीकडचं दिसत नाही म्हणून?

कांचन : डॉक्टर बोलले, तर त्यांच्यावर किती चिडलात. मला नव्हतं भांडायचं. जेवताना पानातली डावी बाजू तशीच राहते तुमची. मग मी हळूच कोशिंबीर उजवीकडे सरकवते.

विवेक : आणि मला वाटायचं, इतकी वर्षं अमेरिकेत राहून ही पान वाढायचं विसरली.

कांचन : वाटू दे की. पोटात तर जात होती.

(विवेक बाहीने डोळे पुसतो.)

कांचन : रुमाल घ्या. आणि आफ्रिकेला जायचंय आपल्याला. मी चालवीन.

विवेक : तिकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. जमेल?

कांचन : लग्नाआधी नाशकात बाबांची फियाट कोण चालवायचं?

विवेक : हो की गं... ती आई गेली का?

कांचन : नाही, आहे अजून. पिल्लाकडे बघतेय. सांगू कशी दिसतेय?

विवेक : नको, थांब. मान वळवून बघतो मी.