साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची फारकत

"हॅलो? सातारा का?… अवधूत पाव्हणं, मी कृष्णात. पलूसवरनं. संयोगिताचा बाप… व्हय, व्हय… जरा ऐका की."

एसटीडीच्या काचेच्या खोक्यात निवृत्त सुभेदार कृष्णात सावधानमध्ये उभे होते. परवा पोरीला बघून गेलेला हा मुलगा समुद्रात तेल शोधायच्या नोकरीत. चहा देताना कृष्णातांच्या थोरल्या बहिणीनं, लीलाबाईअक्कानं कामाचं विचारलं, तेव्हा तिला कळावं म्हणून तो सोप्या मराठीत बोलला होता : आधी फारकत झाली, म्हणून तर आमचं चाललंय. मुलानं पहिली बायको सोडलीय, ही बातमी संध्याकाळच्या आत मिरजेला पोचली.

"एकच सांगा. फारकत कुणाची?… जमिनीची? मंग वाटणी म्हणा की… कुणापास्नं?… सेशेल्स. ही कुठली?… बेट. बाई न्हाई. बरं… कवा?… साडेसहा कोटी वर्सं. म्हंजे तुमी नव्हता."

कृष्णातांना हायसं वाटलं. पण चौकशी अर्धी सोडायची पलटणीत सवय नव्हती.

"मंग तेल कुठनं आलं?… जमीन ताणली, फाटली, मधी खचली… खड्ड्यात गाळ, पालापाचोळा… खालच्या धगीनं शिजला. हां… आन् तेल खड्ड्यातच?… शेजारच्या उंचवट्यावर चढतंय? वर चिखलाच्या दगडाचं झाकण… म्हंजे रांधायचं सुनंनं, आन् डबा सासूच्या खोलीत. कळलं."

काचेबाहेर अक्का हाताची घडी घालून उभी होती. तिचं समाधान झाल्याशिवाय घरात सुपारी फुटत नसे.

"संयोगिता?… तिनं नकाशाची वही कापून आफ्रिका पलूसला चिकटवून बघितलीया. दुसरं स्थळ नकोच म्हणती… आता शेवटचं. सरकायचं थांबलं का?… अजून? वर्साला दोन बोटं?… पलूस बी?… सातारा बी, त्याच अंगाला? मंग हरकत न्हाई. अंतर तेवढंच ऱ्हातंय."

त्यांनी दार किलकिलं करून अक्काला सगळं सांगितलं. अक्कानं बराच विचार केला आणि एकच शंका काढली. कृष्णातांनी फोन परत कानाला लावला.

"जावईबापू… व्हय, जावईबापूच म्हणलो… अक्का इचारतीया, सेशेल्सला पत्रिका कुणाच्या नावानं धाडायची?… न्हाई वो, तुटल्याल्या घरी आधी धाडायची, ही आमची रीत… पत्ता तरी… हॅलो?… हॅलो?"

लाइन गेली होती. कृष्णातांनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला.

"अक्का, एक पत्रिका वाढीव."