गालातली जिलबी

अंबडच्या दातांच्या दवाखान्यात बँकेतली यशश्री नुकतीच दाढ काढून बसली होती. तोंडात कापसाचा बोळा, बोलायची बंदी. समोर वडीगोद्रीचे धर्मराज आणि त्यांची बायको पुष्पाबाई नंबरची वाट पाहत होते. धर्मराजांचा डावा गाल लकव्यानं लोंबला होता. पुष्पाबाईंनी विषय काढला.

"शुगर वाढली तर डाक्टर आज बी दाढ काढायचे न्हाईत. मंग रात्रभर तुम्ही कण्हा अन् मी जागते. खरं सांगा, गोड खाल्लं का?"

"बिलकुल न्हाई."

"सकाळी शेजारच्या हरिओमच्या पोरीच्या बारशाला गेल्ते न्हवं?"

"गेल्तो. पाळणा हलवला, नाव ऐकलं, जल्दी आलो."

"तोंड उघडा."

"आगं, माणसं बसलीत!"

"बसू द्या. त्या गालात घास अडकला तर तुम्हाला कळत न्हाई. डाक्टरनीच सांगितलंय, खाणं झालं की फडकं घेऊन बोट फिरवा म्हणून. आ करा."

"आऽऽ..."

"अन् हे काय?"

"काय हाय?"

"जिलबी! सकाळपासून गालात सांभाळून राह्यलेत!"

"आईशप्पथ, मला कळलंच न्हाई."

"खाताना बी कळलं न्हाई?"

"एकच होती गं."

"दाखवा, दुसरा गाल बघू."

"तिकडं काय बघती? त्या बाजूचं मला बराबर कळतं. तिकडच्या दोन्ही गिळल्या."

यशश्रीनं रुमाल तोंडावर गच्च दाबला. धर्मराजांना पण हसू फुटलं.

"आता वरून हसू नका!"

"अर्धंच हसलो की!"