बाळ फिरू नये म्हणून

(उपकेंद्राची ओसरी. आत सून दिव्यानी अजून तपासणीच्या टेबलावर आहे. बाहेर बाकावर सासरा लटारू आणि सासू रुखमाबाई. सिस्टर मंजुषा नुकतीच दार लोटून बाहेर आली आहे.)

लटारू: तसं नाई जी, सिस्टर. सरळ कराची गोळी नाई मांगून राह्यलो मी. फिरूच नये, हाय तसंच राह्यलं पायजे, अशी गोळी.

मंजुषा: म्हणजे बाळ उलटंच राहावं? पाय खाली, डोकं वर?

लटारू: बरोब्बर. चंद्रपूरच्या सोनोग्राफीवाल्यानं तसंच सांगतलं ना. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवला.

मंजुषा: लटारूभाऊ, वीस वर्षं झाली मला या कामात. उलटं बाळ सुलटं करायचं औषध मागणारे पायलीचे पन्नास भेटले. उलटंच ठेवा म्हणणारे तुम्ही पहिले.

लटारू: मंग हाय का?

मंजुषा: नाही. असती तरी नालीत फेकली असती. पाचवा महिना आहे तिचा. या दिवसांत बाळ पोटात लोळत असतं. आज पाय खाली, उद्या आडवं, परवा डोकं खाली. नववा लागेपर्यंत बहुतेक सगळी आपली आपण फिरतात.

लटारू: तेच त भेव हाय ना. फिरलं त?

मंजुषा: फिरलं तर पेढे वाटा. नाही फिरलं तर मोठ्या दवाखान्यात न्या. पाय आधी आले आणि डोकं अडकलं तर काय होतं ते मी पाहिलंय. इथं सांगत नाही, आत तिला ऐकू जाईल.

लटारू: काई होत नाई. हे बसली ना तुमच्या समोर, माही बायको. पायाळू हाय. पायाकडून जलमली, घरीच, सुइणीच्या हातानं. झालं काई? साठीले आली, अजून धान रोवते.

मंजुषा: खरं का, बाई?

रुखमाबाई: खरं हाय.

लटारू: उसण भरली, कंबर धरली का पाच गावचे लोक येते हिच्याकडं. पायाळूचा पाय पाठीले लागला का दुखणं गायब.

मंजुषा: म्हणजे नातवंडानं लोकांच्या पाठी तुडवाव्या म्हणून हा खटाटोप?

लटारू: पाठीचं काय एवढं. देवाजी म्हणून एक जाणकार हाय, चिमूरकडचा. त्याच्या नजरेत जंगलातली एक जागा हाय, जुने दगडं हाय तिथी. खाली सोन्याचा हंडा हाय म्हणते. पण कोणाले दिसत नाई ना. पहिल्या खेपेचं पायाळू लेकरू पायजे. त्याच्या डोळ्यात अंजन घातलं का जमिनीखालचं सगळं दिसते त्याले. मी देवाजीले जबान देऊन बसलो.

मंजुषा: पोटातल्या बाळाची जबान दिली? तुमच्या मुलाला, आदेशला, ठाऊक आहे? त्याचं लेकरू आहे ते.

लटारू: तो तिकडं गडचांदूरले, सिमेंटच्या ड्यूटीवर. त्याले आतापासून कायले सांगाचं? अन् लेकराले काई होत नाई. पाच-सात वर्साचं झालं का एक दिवस न्याचं, अंजन घालाचं, वापस आणाचं.

मंजुषा: शी. भाऊ, गुन्हा आहे हा. देवाजीला नेतील पोलीस आणि त्याच्यासोबत तुम्हालाही.

लटारू: पोलिसाले कोण सांगते?

रुखमाबाई: मी सांगन.

लटारू: तू चूप बस.

रुखमाबाई: चाळीस वर्सं चूपच बसली. सिस्टर, ते दार उघडं करा. आयकू द्या तिले. मी सहा वर्साची होती तवापासून लोकायच्या पाठीवर पाय देऊन राह्यली. तोंड धुवाच्या आधी आंगणात माणसं पालथे पडून राहे. कोणाले नायटा, कोणाले खरूज. जवसाचं तेल चोपडलेले, घामानं चिपचिपे. पाय कितीक धुतले, तरी भाताचा घास तोंडाशी नेला का तोच वास. अजून येते. किळस येते मले माह्या पायाची.

लटारू: लोकायचं भलं होत होतं.

रुखमाबाई: चवदाची झाली मी, मंग कोणाची पाठ नाई दुखे. थोडा खाली ठेव पाय, म्हणे. अजून थोडा खाली. माय समोर बसून तांदूळ निवडे. तिले समजे, पण मान वर नाई करे.

लटारू: हे तू मले कधी सांगतलं नाई.

रुखमाबाई: तुमाले? तुमी मले कायले केली, इसरले? तुमच्या बापाची कंबर धरे. पोरगी पायाळू हाय म्हून आले होते पाह्याले. सगळ्यायनं पाय पाह्यले. तोंडाकडं पाह्यलं असतं त दिसलं असतं.

लटारू: काय दिसलं असतं?

रुखमाबाई: डावा डोळा.

लटारू: त्यात त बोरीचा काटा गेला होता, लहानपणी.

रुखमाबाई: तसं सांगाचं ठरलं होतं. मामा घेऊन गेला मले, सात वर्साची होती मी. तिथीबी जुने दगडं होते, तिथीबी एक जाणकार होता. अंजन कशाचं होतं ते नाई सांगत, सिस्टरचं जेवण व्हाचं असन अजून. दोघायनं हात धरले, एकानं पापणी वर केली. नुसती आग झाली. हंडा दिसते का, म्हणे. मी हो म्हटलं. सोडावं म्हून हो म्हटलं. तीन दिवस खंदलं त्यायनं. काई नाई भेटलं त खोटारडी खोटारडी करत मामानं घरी आणून टाकली.

मंजुषा: डॉक्टरला नाही दाखवलं कोणी?

रुखमाबाई: दाखवलं असतं त सांगा लागलं असतं ना.

लटारू: चाळीस वर्सं… मले कसं नाई दिसलं?

रुखमाबाई: डाव्या अंगाले लोटा ठेवला का माह्या हातानं सांडते. तुमी म्हणता, धांदरट हाय. लिहा सिस्टर कार्डावर, बाळंतपण चंद्रपूरले. संग मी जाईन. लेकरू पायाकडून येवो, डोस्क्याकडून येवो, का पोट कापून येवो. कसं आलं हे गावात कोणाले सांगाचं नाई.

मंजुषा: लिहिते.

लटारू: अन् देवाजीले काय सांगू? जबान दिली ना मी.

रुखमाबाई: सांगा, पायाळू घरातच हाय. एक डोळा बाकी हाय तिचा. ये म्हणा अंजन घेऊन.

मंजुषा: भाऊ, तुमचा मोबाईल वाजतोय.

रुखमाबाई: त्याचाच असन. उचला. इथीच बोला, माह्या समोर.

लटारू: हां, देवाजी. हो, दवाखान्यातच हावो. तपासलं ना सिस्टरनं, आताच… फिरलं म्हणते. हो ना, डोस्कं खाली झालं. कागद होता, पण तो जुना झाला… नाई, देवाजी. आता वापस नाई पलटत.